तो शब्द कोणाच्या तोंडी आहे?

प्रश्न : माझं वय एकाहत्तर. नात आठवीत आहे. दिवाळीच्या सुट्टीत तिला माझ्या वडिलांच्या संग्रहातली एक जुनी कादंबरी वाचायला दिली. तिसऱ्या दिवशी ती पुस्तक घेऊन स्वयंपाकघरात आली आणि एका ओळीवर बोट ठेवून म्हणाली, "आजी, ही तर शिवी आहे. नवरा गेलेल्या बाईला घरातली माणसं असं म्हणायची? आणि लेखकाने ते छापलं?" मला उत्तर सुचेना. कारण तो शब्द मी पुस्तकात वाचण्याआधी घरात ऐकलेला आहे. माझी आत्या अठराव्या वर्षी माहेरी परत आली ती कायमची. तिला कोणी नावाने हाक मारल्याचं मला आठवत नाही.

पुढच्या आठवड्यात आमच्या वाचनालयात मी हा विषय काढला. एकजण म्हणाले, मुलांच्या हाती जाणाऱ्या जुन्या पुस्तकांतल्या अशा शब्दांवर कागदाच्या पट्ट्या चिकटवू. दुसऱ्या बाई म्हणाल्या, अभिजात साहित्याला हात लावायचा नाही. एक सभासद शिवकाळावर कादंबरी लिहीत आहेत. त्यांचं म्हणणं, त्या काळची भाषा हवी तर त्या काळच्या शिव्याही हव्यातच. मला तिघांचंही थोडं थोडं पटलं आणि पूर्ण कोणाचंच पटलं नाही. हे शब्द तेव्हाही एवढे बोचत होते का? आज ते गाळावेत का? आणि जुन्या काळावर आज लिहिणाऱ्याने ते वापरावेत का?

उत्तर : तुमच्या नातीने एका दमात दोन वेगळे प्रश्न विचारले आहेत. घरातली माणसं असं म्हणायची का, हा एक. लेखकाने ते का छापलं, हा दुसरा. म्हणणारा वेगळा आणि छापणारा वेगळा, हे तिला कोणी न शिकवता कळलं. या विषयावरच्या वादांत मोठी माणसं बहुतेक वेळा तेवढंच विसरतात. म्हणून तुमच्या तीनही प्रश्नांची उत्तरं मी तिच्या प्रश्नाला धरूनच देतो.

आधी एक सांगून ठेवतो. जिथे शब्दाचा इतिहास सांगायचा आहे तिथे तो शब्द मी स्पष्ट लिहीन. जातींची नावं शिवी म्हणून वापरली गेली, ती मात्र लिहिणार नाही. त्यांच्याबद्दल बोलण्यासाठी ती पुन्हा उच्चारावी लागत नाहीत.

तेव्हाही बोचत होते का?

'रांड' हा शब्द संस्कृत 'रण्डा'वरून आला. मोल्सवर्थचा मराठी कोश 1831 साली निघाला, त्याची वाढवलेली आवृत्ती 1857 मध्ये आली. त्यात या शब्दाखाली विधवा हा अर्थ आहे आणि शिवी हाही आहे. यावरून काहीजण म्हणतात, 'अहो, तेव्हा त्याचा अर्थ नुसता विधवा असा होता, आपण उगाच वाईट वाटून घेतो.' हे अर्धंच खरं आहे. नवरा मेलेली बाई आणि वाईट चालीची बाई या दोघींना भाषेने एकाच शब्दात कोंडलं होतं. विधवेकडे समाज कोणत्या नजरेने पाहत होता, हे सांगायला कोशातली ती एक नोंद पुरेशी आहे. म्हणणाऱ्याला त्यात काही गैर वाटत नसेल. पण बोचतं की नाही हे ऐकणाऱ्याला विचारायचं असतं.

ऐकणारीने ते लिहूनही ठेवलं आहे. 1881 मध्ये सुरतेला विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला स्वतःच्या नवजात मुलाच्या खुनाबद्दल शिक्षा झाली. त्या निमित्ताने वर्तमानपत्रांतून सगळ्या बायकांच्या चारित्र्यावर शिंतोडे उडू लागले. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांना ते सहन झालं नाही. 1882 मध्ये त्यांनी 'स्त्रीपुरुषतुलना' हे छोटं पुस्तक छापून काढलं. त्याची भाषा बैठकीतली नाही, अंगणातली आहे. बायकांच्या माथी मारलेले शब्द त्या उचलतात आणि पुरुषांपुढे एकेक करून मांडतात, की हे दुर्गुण कोणाचे ते आता तुम्हीच सांगा. तेव्हाच्या कित्येक सभ्य वाचकांना ही भाषा उद्धट वाटली. जोतीराव फुले मात्र त्यांच्या बाजूने उभे राहिले. 'त्या काळी कोणाला काही वाटत नसे' असं म्हणणाऱ्यासमोर हे पुस्तक ठेवावं. वाटत होतं, पण ते छापून आणायला फार थोड्या जणींना मिळालं.

सभ्य शब्द वापरला की बोच जाते, असंही नाही. लग्नपत्रिकेत सवाष्णीच्या नावामागे 'सौ.' आणि विधवेच्या नावामागे 'गं. भा.', म्हणजे गंगाभागीरथी, लिहिण्याची रीत तुम्ही पाहिली असेल. शब्द पवित्र, काम मात्र तेच : बाईची ओळख नवऱ्याच्या मरणावरून ठरवायची. 2023 मध्ये 'विधवा'ऐवजी हाच शब्द वापरावा असा प्रस्ताव राज्यात पुढे आला, तेव्हा अनेक स्त्रियांनी त्याला विरोध केला. त्याच्या एक वर्ष आधी, मे 2022 मध्ये, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने वेगळी वाट धरली होती. बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं या प्रथा गावातून बंद करायचा ठराव त्यांनी केला. शब्दाची धार प्रथेतून येते, हे त्या गावाला नेमकं कळलं होतं.

मग लेखकाने का छापलं?

हरि नारायण आपट्यांनी 1890 साली 'करमणूक' हे साप्ताहिक सुरू केलं आणि त्यातून 'पण लक्षात कोण घेतो' क्रमशः येऊ लागली. यमू नावाची मुलगी स्वतःच्या तोंडाने आपली हकिगत सांगते. बालपण, लग्न, थोडंसं सुख, मग वैधव्य, आणि शेवटी बळजबरीने केलेलं केशवपन. तो प्रश्न कादंबरीपुरता नव्हता. त्याच 1890 मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईत न्हावी कारागिरांची सभा झाली आणि विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवायचा नाही असं त्यांनी ठरवलं. हे त्यांच्या रोजच्या कमाईवर पाणी सोडणं होतं.

आता विचार करा, यमूच्या भोवतालची माणसं सगळ्या कादंबरीभर सौम्य, मोजूनमापून बोलली असती तर? शेवटचा प्रसंग आभाळातून पडल्यासारखा वाटला असता. एखाद्या दुष्ट माणसाचं एका दिवसाचं कृत्य म्हणून वाचकाने तो सोडून दिला असता. पण वस्तरा चालण्याच्या कितीतरी आधीपासून जिभा चाललेल्या असतात. टोमणे, हिणवणं, नाव टाकून एका शब्दाने हाक मारणं, या सगळ्याने त्या दिवसाची तयारी होत असते. ती तयारी वाचकाला ऐकवायची म्हणून असा लेखक कठोर शब्द छापतो. शिवी पात्राच्या तोंडी असते, लेखक मात्र शिवी खाणारीच्या बाजूला बसलेला असतो.

सगळ्या जुन्या पुस्तकांचं असं नाही, हेही मान्य करायला हवं. काही पुस्तकांत हिणवणारा आवाज खुद्द निवेदकाचा असतो. खालच्या जातीचा गडी केवळ हसं करून घेण्यासाठी कथेत येतो. काळ्या रंगाचा माणूस म्हणजे रानटीच, असं गृहीत धरलेलं असतं. तिथे शिवीचा शब्द एकही नसला तरी अपमान पानापानावर असतो. म्हणून पहिली कसोटी शब्दाच्या घाणेरडेपणाची लावू नये. तो कोणाच्या तोंडी आहे आणि लेखक कोणाच्या शेजारी उभा आहे, हे पाहावं.

सभ्यतेला बसलेला धक्का आणि माणसाला झालेली जखम

ही कसोटी किती उशिरा लावली जाते, त्याचं उदाहरण अमेरिकेतलं आहे. मार्क ट्वेनची 'हकलबेरी फिन' ही कादंबरी इंग्लंडमध्ये 1884 अखेर आणि अमेरिकेत 1885 मध्ये आली. गोरा मुलगा हक आणि गुलामीतून पळालेला जिम एका तराफ्यावरून मिसिसिपी नदीतून जातात, त्याची ती गोष्ट. काळ्या माणसांना हिणवणारा एक शब्द तिच्यात दोनशेहून अधिक वेळा येतो. 1885 मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या कॉनकॉर्ड गावच्या सार्वजनिक ग्रंथालयाने पुस्तक काढून टाकलं, पण त्या शब्दासाठी नाही. भाषा गावंढळ आहे, मुलगा उनाड आहे, सभ्य घरच्या मुलांना हे शोभत नाही, अशी त्यांची तक्रार होती. काळ्या समाजाचं दुखणं शाळांच्या दारापर्यंत पोचायला आणखी सत्तर वर्षं गेली. 1957 मध्ये न्यूयॉर्क शहराच्या शिक्षण मंडळाने पुस्तक मान्य यादीतून काढलं, तेव्हा वंशाचा मुद्दा पुढे आला.

आपल्याकडेही भाषेवरून गाजलेले साहित्यिक खटले अश्लीलतेचे आहेत. मर्ढेकरांच्या 'काही कविता', चंद्रकांत काकोडकरांची 'श्यामा', जिचा निकाल 1969 मध्ये सर्वोच्च न्यायालयात लेखकाच्या बाजूने लागला, आणि 1972 मध्ये उच्च न्यायालयापर्यंत गेलेलं तेंडुलकरांचं 'सखाराम बाइंडर'. अंगाबद्दलच्या शब्दांनी पांढरपेशा वाचक चटकन दचकतो. जन्मावरून हिणवणाऱ्या शब्दांवरून त्याची नजर सहज पुढे सरकते, कारण ते त्याला लागलेले नसतात.

2011 मध्ये अमेरिकेतल्या एका प्रकाशनाने 'हकलबेरी फिन'मधला तो शब्द सगळीकडे बदलून 'गुलाम' असा केला. हेतू चांगला होता. वर्गातल्या काळ्या मुलांना तो शब्द पुन्हा पुन्हा ऐकावा लागू नये, एवढंच त्या संपादकाला हवं होतं. पण गोष्टीचं काय झालं ते पाहा. हकचा दारुडा बाप एका सुशिक्षित, मोकळ्या, काळ्या प्राध्यापकाबद्दल आग ओकतो, असा प्रसंग तिच्यात आहे. तो प्राध्यापक ओहायोचा. तिकडे त्याला मत देता येतं, आणि याचाच बापाला संताप. तो माणूस गुलाम नव्हताच. तरी बाप त्याला त्याच शब्दाने तोडतो, कारण त्या शब्दाला कायद्याशी घेणंदेणं नाही, कातडीशी आहे. 'गुलाम' म्हटलं की कायदा रद्द झाल्यावर सगळं मिटलं असं वाटतं. तो शब्द मात्र कायदा गेल्यावरही राहिला. हक स्वतः त्याच शब्दात वाढलेला आहे. त्या शब्दाने शिकवलेलं सगळं बाजूला सारून तो जिमला साथ द्यायचं ठरवतो. शब्द काढून टाकला तर मुलाने कशावर मात केली हे वाचकाला कसं कळणार?

ही लढाई आपल्यालाही परकी नाही. 'हकलबेरी'च्या अकरा-बारा वर्षं आधी, 1873 मध्ये, जोतीरावांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतली गुलामी मोडून काढणाऱ्या सज्जनांना अर्पण केलं होतं. तिथलं दुःख आपल्या दुःखाच्या शेजारी ठेवून वाचायला त्यांनी आपल्याला फार पूर्वी शिकवलं.

शब्द जुना, हसणं ताजं

इतकं सगळं मी शब्द ठेवण्याच्या बाजूने लिहिलं. आता दुसरी बाजू सांगतो. ती मी पुस्तकात वाचलेली नाही, बाकावर बसून पाहिलेली आहे.

आठवीत असताना आमच्या वर्गात एक जुना उतारा मोठ्याने वाचला जात होता. त्यात एका जातीवरची म्हण आली. वर्ग हसला. मीही हसलो असेन, नाही असं छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. माझ्या शेजारचा मुलगा हसला नाही. त्याने वही उघडली, उगाच काहीतरी लिहिल्यासारखं केलं आणि ती मिटली. वाचन पुढे चालू राहिलं. मधल्या सुट्टीत तो माझ्याबरोबर डबा खायला आला नाही. दुसऱ्या दिवशी आला. त्यावर आम्ही कधीच बोललो नाही, आणि आज इतक्या वर्षांनी मला ते न बोलणंच जास्त लागतं.

त्या उताऱ्याचा लेखक कधीच गेला होता. म्हण त्याहून जुनी. पण आमचं हसणं त्या दिवसाचं होतं, ताजं होतं. माझ्या मित्राला लागलं ते हसणं, आणि त्यानंतर कोणीच काही न बोलणं. म्हणून 'अभिजात आहे, हात लावू नका' असं म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. पुस्तकाला हात लावायचा नसेल तर वाचणाऱ्यांच्या खांद्यावर हात ठेवायला लागतो. ज्या खोलीत पुस्तक वाचलं जातं, त्या खोलीची जबाबदारी आपली असते.

मग गाळावेत का?

डिसेंबर 2020 मध्ये महाराष्ट्र सरकारने वस्त्यांना असलेली जातिवाचक नावं बदलण्याचा निर्णय घेतला. अमुक वाडा, तमुक वाडा जाऊन समतानगर, भीमनगर अशी नावं यावीत, असा तो निर्णय. तो योग्यच होता. पाटीवरच्या नावाखाली जिवंत माणसं राहतात, त्यांची मुलं तो पत्ता शाळेच्या अर्जात लिहितात. 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही एका निकालात सांगितलं, की जातीचं अधिकृत नावसुद्धा अपमान करण्याच्या हेतूने उच्चारलं तर तो गुन्हा ठरू शकतो. शब्दाचा अर्थ कोशात पाहायचा नाही, तो आज कसा वापरला जातो हे पाहायचं, असा त्याचा आशय होता.

पाटी बदलायची, मग पुस्तक का नाही? कारण पाटी ही आजची सूचना आहे आणि पुस्तक ही कालची नोंद आहे. पाटी बदलल्याने अन्याय कमी होतो. नोंद पुसल्याने अन्याय झाल्याचा पुरावा तेवढा कमी होतो. वाड्याचं जुनं नाव कागदपत्रांतून खरवडून काढलं, तर शंभर वर्षांनी कोणीतरी विचारेल, नाव कशाला बदलावं लागलं होतं?

पुस्तकावरही काही गोष्टी पाटीसारख्या असतात. अगाथा ख्रिस्ती यांची एक रहस्यकथा 1939 मध्ये ब्रिटनमध्ये निघाली, तिच्या नावातच तो काळ्यांना हिणवणारा शब्द होता. अमेरिकेत ती 1940 मध्ये आली तेव्हा नाव बदलूनच आली. ब्रिटनमध्ये जुनं नाव 1985 पर्यंत राहिलं. त्या गोष्टीतल्या खुनांचा आणि वंशाचा काही संबंध नाही. नाव बदलल्याने कथेचं एका केसाइतकंही बिघडलं नाही, आणि दुकानाच्या काचेतून रस्त्यावरच्या माणसाच्या तोंडावर येणारा अपमान थांबला.

दुसरा फरक, बदल कोण करतो याचा. रोआल्ड डाल यांच्या चॉकलेट कारखान्याच्या गोष्टीत 1964 साली कारखान्यातले बुटके कामगार आफ्रिकेतून आणलेले दाखवले होते. टीका झाली. डाल यांनी 1973 च्या आवृत्तीत स्वतः ते बदललं. लेखक शहाणा होत गेला तर त्याने आपल्या पुस्तकालाही सोबत न्यावं, यात आक्षेप घेण्यासारखं काही नाही. 2023 मध्ये मात्र, त्यांच्या मृत्यूनंतर तेहतीस वर्षांनी, त्यांच्या अनेक पुस्तकांतले शब्द प्रकाशकाने बदलल्याचं समोर आलं. इतका गदारोळ झाला की जुने पाठही छापत राहू, असं प्रकाशकाला जाहीर करावं लागलं. गेलेल्या माणसाच्या तोंडी आपले शब्द घालायचे आणि वर त्याचंच नाव ठेवायचं, ही वाचकाची फसवणूक आहे, मग हेतू कितीही चांगला असो.

म्हणून तुमच्या वाचनालयाला माझं सांगणं असं. पट्ट्या चिकटवू नका. पट्टीखाली काय आहे हे पाहण्यासाठी मुलं ती सर्वांत आधी उचकटतील आणि तेवढा एक शब्द लक्षात ठेवतील. त्याऐवजी मुखपृष्ठाच्या आत एक कागद लावा. पुस्तक पहिल्यांदा कधी निघालं, त्यात कोणासाठी कसे शब्द येतात, ते आज का वापरायचे नाहीत, हे चार ओळींत साध्या भाषेत लिहा. लहान मुलांसाठी संक्षिप्त आवृत्ती जरूर ठेवा, पण ती संक्षिप्त आहे हे वर छापलेलं असू द्या.

मोठ्याने वाचताना नियम वेगळा असावा. डोळ्यांनी वाचलेला शब्द वाचणाऱ्यापुरता असतो, आवाजात आलेला शब्द सगळ्या खोलीत पसरतो. तिथे तो शब्द उच्चारू नका, पण गाळला हे सांगा : 'इथे एक शिवी आहे, ती मी म्हणत नाही, पुस्तकात आहे.' आणि त्या समाजातलं एखादं मूल समोर बसलं असेल तर 'तुला कसं वाटतं?' असं त्याला सगळ्यांदेखत विचारू नका. आपल्या समाजाचा साक्षीदार म्हणून त्याला उभं करणं, हाही एक छळच आहे. बोलायचंच असेल तर पहिल्यांदा हसणाऱ्यांशी बोला.

जुन्या पुस्तकाला कधी एकटं सोडू नका, हेही सांगतो. शेजारी उत्तर देणारं पुस्तक ठेवा. दया पवारांचं 'बलुतं' (1978), बेबी कांबळे यांचं 'जिणं आमुचं' (1986) मोठ्या मुलांना द्या. शरणकुमार लिंबाळे यांनी 1984 मध्ये आपल्या आत्मकथेचं नावच 'अक्करमाशी' ठेवलं. बारा माशांचा एक तोळा होतो. अकरा माशांचं सोनं म्हणजे एका माशाने उणं. रीतसर लग्नातून न जन्मलेल्या मुलाला हा शब्द दगडासारखा मारला जाई. लिंबाळ्यांनी तोच दगड उचलून पुस्तकाच्या दारात पायरी म्हणून बसवला. लक्ष्मण गायकवाडांचं 'उचल्या' (1987) तसंच. त्यांच्या जमातीला हे नाव लोकांनी दिलं आणि 1871 च्या कायद्याने अशा जमातींवर जन्मतःच गुन्हेगार असा शिक्का मारला. तो शिक्का पुसायला 1952 उजाडावं लागलं. हेच शब्द इतरांच्या तोंडी शिवी आहेत आणि यांच्या मुखपृष्ठावर फिर्याद आहेत. उद्या कोणी शब्द गाळायची कात्री घेऊन निघालं, तर सर्वांत आधी हीच पुस्तकं फाटतील.

आज जुन्या काळावर लिहिणाऱ्याने काय करावं?

तुमच्या वाचनालयातल्या लेखकमित्राला एवढं सांगा. आपट्यांनी लिहिलं ती त्यांच्या काळाची भाषा होती, ती त्यांच्या कानावर पडत होती. तुम्ही लिहिता ती निवडलेली भाषा आहे. त्यामुळे तुमच्या पुस्तकातल्या प्रत्येक शिवीचे मालक तुम्ही.

बखरींत मुसलमानांसाठी 'अविंध' असा शब्द येतो, म्हणजे ज्याचे कान विंधलेले नाहीत तो. 'हबशी' म्हणजे मुळात हबश देशाचा, अबिसीनियाचा माणूस. जंजिऱ्याच्या सिद्दींच्या मुलखाला आपल्याकडे हबसाणच म्हणत. पुढे तोच शब्द रंगावरून हिणवायला वापरला गेला. सतराव्या शतकातलं पात्र हे शब्द उच्चारेल, उच्चारावेत. पण पात्र बोलायचं थांबलं आणि निवेदन सुरू झालं, की तो आवाज आजच्या लेखकाचा असतो. तिथेही तेच शब्द येत राहिले तर ते इतिहासातून आले असं म्हणता येणार नाही.

आणि त्या काळातल्या शिव्या एकाच बाजूने जात नव्हत्या. मुघलांच्या लेखणीत मराठ्यांसाठी 'गनीम' हा शब्द येतो, अर्थ शत्रू. आज 'गनिमी कावा' आपण छाती फुगवून म्हणतो. खाफीखान हा मुघलांच्या बाजूचा इतिहासकार. शिवाजी महाराजांबद्दल त्याने अत्यंत हीन शब्द वापरले आहेत, वाचताना रक्त तापतं. पण त्याच ग्रंथात तो लिहून ठेवतो, की मोहिमेवर असताना मशिदी, कुराण आणि कोणाच्याही बायका यांना धक्का लावायचा नाही, अशी महाराजांची सक्त ताकीद होती. आता समजा, कोणा भक्ताने त्याच्या ग्रंथातल्या शिव्या काढून टाकल्या. मग तो कोणीतरी तटस्थ, भला लेखक वाटेल आणि त्याची साक्षही साधी होईल. शिव्या तशाच राहिल्या म्हणून कळतं, की इतका द्वेष करणाऱ्यालाही हे नाकारता आलं नाही. शत्रूच्या शिवीने दिलेलं वजन स्तुतीच्या शंभर पोवाड्यांना येत नाही.

तेव्हा लेखकमित्राने शिवी लिहिण्याआधी स्वतःला एक विचारावं : ही खाणाऱ्या माणसाला माझ्या कादंबरीत चेहरा आहे का? त्याला घर, बायको, भीती, थोडी हुशारी, एखादं स्वतःचं वाक्य दिलं आहे का? दिलं असेल तर शिवी वाचकाला त्याच्या बाजूला नेईल. तो केवळ शिव्या खाण्यापुरता पानावर आला असेल, तर काळाचं नाव पुढे करून आपणच त्याला हिणवतो आहोत.

शेवटी, तुमच्या आत्याबद्दल

पत्र वाचताना मी एका वाक्याशी थांबलो. तिला नावाने कोणी हाक मारल्याचं आठवत नाही, असं तुम्ही लिहिता. त्या शब्दाने केलेलं खरं नुकसान हेच आहे. त्याने एका माणसाचं नाव खाऊन टाकलं.

तुमच्या घरात तरी ते भरून काढायला तुम्ही आहात. पुस्तकातला तो शब्द असू द्या. नातीने पुन्हा त्याच्यावर बोट ठेवलं तर तिला जवळ बसवा आणि आत्याबद्दल सांगा. तिला काय आवडायचं, ती काय करायची, हसायची कशी, अंगणात कोणतं झाड लावायची, जे आठवेल ते. तिचं नाव तुम्हाला नक्की माहीत असणार. कोणी हाक मारत नसलं तरी घरात ते कुठेतरी लिहिलेलं असतं, कुणाच्यातरी तोंडून एकदा तरी निसटलेलं असतं. ते नाव नातीला सांगा आणि म्हणा, त्या पुस्तकाच्या समासात, त्या शब्दाच्या शेजारी, पेन्सिलीने लिही.